टेचिमानला नसलेलं घर

साहेब, तुम्ही चोर आहात असं मी म्हणणार नाही. चोर पोच देत नाही. तुम्ही दिलीत. ती आत्ता माझ्यासमोर आहे : "निळ्या पुठ्ठ्याची वही, नग एक, वापरलेली."

वापरलेली! साहेब, वापरलेली चप्पल असते. वापरलेला टायर असतो. एका माणसाने चौदा महिने, रविवार सोडून रोज बसून एकशे बारा पानं भरली, तर त्याला तुमच्या दप्तरी 'वापरलेली' म्हणतात. आणि ही वापरलेली वस्तू गेले सात आठवडे तिकडे राजधानीत, अक्राच्या मुख्य कचेरीत, तुमच्या खणात पडून आहे. मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तरच नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, की पहिल्या अर्जाचा संदर्भ द्या. तिसऱ्यात संदर्भ दिला, तर आता म्हणे दुसरा सापडत नाही. म्हणून हा चौथा अर्ज मी कुठल्याच नमुन्यात लिहीत नाहीये. सगळं पहिल्यापासून लिहितोय. वाचा. पगार त्याचाच घेता.

मी क्वाकू असुबोन्तेंग. कुमासी कार्यालय, जमिनींच्या नोंदी, खिडकी क्रमांक तीन. एकवीस वर्षं मी लोकांच्या चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस ओढा, पश्चिमेस शाळा, उत्तरेस कै. अमुक यांचं कोकोचं रान. गोष्टी लिहायला मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. फक्त एके दिवशी, एका चतुःसीमेची नक्कल करताना, मनात आलं की या चार रेघांच्या आत कोण राहत असेल? बस. तिथून माझं वाटोळं सुरू झालं. मी ठरवलं, रोज अर्धा तास लिहायचं. नोकरी सांभाळून. अर्धा तास म्हणजे काय मोठं? तुमच्याकडे एक सही व्हायला त्याहून जास्त लागतो.

पहिल्यांदा घरी प्रयत्न केला. आम्ही पाच बिऱ्हाडं एकाच अंगणाभोवती राहतो. ऑफिसातून आलो, ओसरीवर टेबल लावलं आणि गंभीर चेहरा करून बसलो. लगेच माझी बायको बिरागो बाहेर आली.

"पोकूचे बाबा, असं तोंड करून बाहेर बसू नका. लोक म्हणतील, हिने जेवायला घातलं नाही."

समोरच्या खोलीतून माम डुफिए ओरडली, "अरे क्वाकू, मृत्युपत्र लिहितोयस का? बायकोचं नाव पहिल्या ओळीत घाल बाबा! पुरुष पुढे ढकलतात आणि मग मरतात!"

तिचा नवरा, म्हातारे ओपानिन बार्नियेह, तिच्याच शेजारी खुर्चीत होते. रेल्वेत सिग्नल दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. आयुष्यभर न बोलता काम झालं, त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांनी बोलायला सुरुवात केली नव्हती. त्यांनी नुसता हात वर केला. म्हणजे, जाऊ दे, लाइन मोकळी आहे.

पण लाइन कसली मोकळी! एवढ्यात पाचही घरची उखळं सुरू झाली. रात्रीच्या जेवणाचं फुफू कुटण्याच्या आवाजात माणूस पत्ताही धड लिहू शकत नाही. त्यात, हा बसलाच आहे लिहायला, तर आपलंही उरकून घेऊ, असं सगळ्यांना एकदमच सुचलं. चार संध्याकाळींत मी शाळेला दोन पत्रं लिहिली, वीजवाल्यांकडे एक तक्रार लिहिली, एका बकरीविरुद्ध एक निवेदन लिहिलं आणि हॅम्बुर्गला गेलेल्या कुणाच्या तरी मुलाला आईच्या वतीने चार पानी शिव्या लिहिल्या. माझी स्वतःची ओळ एकही नाही.

मग ऑफिसात, जेवणाच्या सुटीत. एक पान लिहून टेबलावर ठेवलं आणि खायला केन्के आणायला गेलो. परत येतो तर पान नाही. तीन दिवसांनी मिळालं. आवक क्रमांक पडलेला, दोन सह्या झालेल्या, आणि माझ्या नायिकेच्या नावाखाली शेरा : "सदर बाईंनी मालकीचा पुरावा जोडलेला नाही." त्या दिवशी मी ऑफिसात लिहिणं सोडलं.

तर असा घरचा ना घाटचा फिरत असताना मला जागा सापडली, ती ट्रोट्रोच्या स्टँडवर.

तुम्ही सरकारी गाडीतून फिरता म्हणून सांगतो. ट्रोट्रो म्हणजे भाड्याची छोटी बस, भरल्याशिवाय सुटत नाही. सकाळी माणूस आत जाऊन बसतो, आणि शेवटची जागा भरेपर्यंत नुसता बसतो. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. त्या वेळेवर बायकोचा हक्क नाही, तुमचा नाही, कुणाचाच नाही. लोक त्या वेळात घाम पुसतात. मला वाटलं, आपण लिहू.

स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारे अल्हाजी सेइदू आहेत. मी त्यांना विचारलं, "अल्हाजी, सगळ्यात उशिरा कुठली गाडी भरेल?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "परत विचारा, मास्टर."

"सगळ्यात उशिरा."

"सव्वीस वर्षं मी इथे उभा आहे. पहिली कुठली सुटणार, या एका प्रश्नापायी लोकांनी माझ्या सदऱ्याची बटणं तोडलीत. शेवटची कुठली म्हणून विचारणारे तुम्ही पहिलेच. घरी भांडलात का?"

"नाही हो. लिहायचंय."

"काय?"

"गोष्ट."

"कुणाची?"

"एका बाईची."

"मग भांडण होईलच," अल्हाजी म्हणाले आणि त्यांनी मला टेकडीकडून जाणाऱ्या गाडीच्या मागच्या बाकावर, खिडकीशी बसवलं.

आठवड्याभराने तेच माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्टर, एक सांगू? रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही. म्हणून आम्ही आपलीच चार माणसं आत बसवतो. खरे लोक आले की ती हळूच उतरतात. पण आता लोकांनी त्यांची तोंडं ओळखलीत. तुमच्या गळ्यात टाय आहे. तुम्ही आत दिसलात की लोकांना वाटतं, एवढा साहेबमाणूस बसलाय म्हणजे गाडी सुटणार. तुम्ही एका गाडीत बसा, ती भरली की उतरा, दुसरीत बसा. दुसरीतून जा ऑफिसला. तुम्हाला लिहायला वेळ, आम्हाला गिऱ्हाईक."

साहेब, मी सरकारी नोकर. शेतात काठीला सदरा घालून पाखरं हाकलायला उभं करतात, तसं मला माणसं गोळा करायला बसवण्याचा हा प्रस्ताव होता. माझा स्वाभिमान दुखावला. मी तो दुखावलेला स्वाभिमान घेऊन आत चढलो आणि पहिल्याच दिवशी सव्वा पान लिहिलं.

अशी सवय लागली. सवय लागली हे कसं कळतं, ठाऊक आहे? रविवारी कळतं. चर्चमध्ये प्रवचन चाललेलं असायचं आणि माझा उजवा हात मांडीवर आपोआप हलायचा. बिरागो दर रविवारी त्या हातावर चापट मारायची.

त्रास नव्हता असं नाही. मागच्या बाकावर लिहिणाऱ्याचं लिखाण हे सगळ्या बाकाचं असतं. माझ्या शेजारी एक धुरावलेले मासे विकणारी बाई बसायची, टोपलं मांडीवर घेऊन. एके दिवशी तिने पान माझ्याकडून स्वतःकडे वळवलं आणि विचारलं, "हिचा नवरा अजून जिवंत कसा?"

"चांगला माणूस आहे तो," मी म्हणालो.

"म्हणूनच मारा. वाईट असता तर म्हटलं असतं, राहू दे, बायकोच्या हातून भोगू दे. चांगला नवरा गोष्टीत फार दिवस ठेवू नये, वाचणारणीला आपला आठवतो."

पुढून ड्रायव्हर म्हणाला, "मारा, पण बाईला काहीतरी ठेवून मारा."

"घर ठेवा," मासेवाली म्हणाली.

"दोन खोल्या देतो," मी म्हणालो.

"दोन? आयुष्यभर राबलीये ती! चार. आणि दारात आंबा. दुपारचं बसायला नको का तिला कुठे?"

चार खोल्यांवर सौदा पटला. घर कुमासीत नको, सासरच्यांचा डोळा पडेल, म्हणून लांब, टेचिमान गावी. अशा रीतीने पान चौऱ्याहत्तरवर माझ्या नायिकेचा नवरा वारला आणि ती त्याच्या शवपेटीपाशी उभी राहून बोलली. तेवढं एक पान मी तीन दिवस लिहीत होतो. मासेवालीने ते वाचलं, टोपल्यातला एक मासा काढून माझ्या डब्यात घातला आणि तोंड खिडकीकडे केलं.

आता इथवर कुणाचं काही बिघडलं होतं का? नाही. पण मग आमचे ओपानिन बार्नियेह गेले. खरेखुरे.

अंत्यविधी रीतीप्रमाणे सहा आठवड्यांनी ठरला. छापील पुस्तिका निघायची होती : फोटो, जीवनचरित्र, मुलांचं मनोगत, आणि पान सहावर पत्नीचं मनोगत. माम डुफिए माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिला लिहितावाचता येत नाही.

"क्वाकू, इतके महिने तू लिहितोयस आणि त्यातून आजवर काही निघालेलं मी पाहिलं नाही. आता माझं लिही."

"काय लिहू, माम?"

"एक्केचाळीस वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलला तो. त्यातली सात 'मीठ दे' अशी. तू बघ बाबा, यातून काय निघतं ते."

मी लिहिलं. साधं, नीट, खोटं काही नाही. त्याच निळ्या वहीत, गाडीतच बसून, कारण दुसरीकडे मला एव्हाना लिहिताच येत नव्हतं. गुरुवारी सकाळी पान छापखान्यात पोचायला हवं होतं. बिरागो ते न्यायला स्टँडवर येऊन गाडीच्या खिडकीपाशी उभी राहिली. मी शेवटची ओळ सारखी करत होतो. ही गाडी कधी चाळीस मिनिटांच्या आत भरलेली नाही, त्यामुळे मी निवांत होतो.

एवढ्यात कुठल्याशा चर्चचं गायकमंडळ आलं. चौदा बायका, एकसारख्या पांढऱ्या कापडात, आणि चौदाही आत. गाडी एका मिनिटात भरली. मी उतरू म्हणतो तर माझ्या पुढ्यात तीन जणी. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बिरागो खिडकीतून हात घालून ओरडतेय, "द्या! द्या लवकर!" माझ्या मांडीवर वही, वहीवर कुणाची तरी पिशवी, कानाशी आलापी. मी हाताला लागलं ते एक पान फाडलं आणि तिच्या हातात कोंबलं.

साहेब, चौकशीत तुम्ही मला विचारलंत, की पत्नीने ते वाचून का पाहिलं नाही. मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "चौदा महिने मी तुमचं काही वाचलं नाही. ते काय स्टँडवर उभं राहून वाचायला सुरुवात करणार होते?" हे उत्तर तुम्ही नोंदवून घेतलं नाहीत. आता घ्या.

शनिवारी चर्च भरलेलं. सगळे काळ्या-तांबड्या कापडात. पान सहा वाचायला धर्मशिक्षक उभे राहिले. पहिल्या शब्दालाच मी ओळखलं : हे माझ्या गोष्टीतलं पान चौऱ्याहत्तर.

"धनी, तुम्ही बोलला नाहीत कधी. बोलण्याच्या जागी तुम्ही विटा रचल्यात. टेचिमानला चार खोल्या आणि दारात आंबा. मला म्हणालात, कुणाला सांगू नकोस, या जगात एक तरी दार तुझ्या नावाचं असू दे. आज किल्ली माझ्या कमरेच्या गाठीत आहे आणि तुम्ही मातीत. ते दार मी आता कुणासाठी उघडू?"

लोक रडायला लागले. मोठ्याने. मागच्या बाकावरचे वाद्यवालेसुद्धा. खरं सांगतो, लाज टाकून सांगतो : पहिली दोन मिनिटं मला भीती वाटलीच नाही. मला फार बरं वाटलं. चारशे माणसं माझ्या ओळींवर रडत होती. तुमच्या चौकशीत हा गुन्हा म्हणून लावायचा असेल तर लावा, एवढा एक मी मान्य करतो.

मग रडणं हळूहळू थांबलं, आणि बार्नियेहंच्या कुळाचे प्रमुख, नाना ग्येबी, यांची मान वळली. आधी माम डुफिएकडे. मग तिच्या कमरेच्या गाठीकडे.

रविवारी दुपारी माम डुफिएने मला अंगणाच्या कोपऱ्यात गाठलं. मी तिच्या पायाशीच बसलो. सगळं सांगितलं. गोष्ट, मासेवाली, गायकमंडळ. मला वाटलं, आता मुसळ येतं डोक्यात.

तिने विचारलं, "किती खोल्या म्हणालास?"

"चार, माम."

"आठ दिवस कुणाला सांगू नकोस."

"माम, पण—"

"क्वाकू. कालपासून बायका माझ्याकडे निराळ्या नजरेनं बघतायत. नळावर मला पुढे जाऊ दिलं. एक्केचाळीस वर्षांत त्या माणसाने मला एक फळी ठोकून दिली नाही रे भिंतीला. आठ दिवस असू दे माझं घर. मग सांग."

मी शब्द दिला. साहेब, तुमच्या आरोपपत्रात कलम दोन आहे, 'माहिती दडवली'. हो, दडवली. तिच्यासाठी दडवली.

सोमवारी सकाळी खिडकी क्रमांक तीनवर पहिला माणूस कोण? नाना ग्येबी. पाठीमागे मृताचे दोन भाचे. हातात पुस्तिका, पान सहाला खूण घातलेली.

"घर शोधायचंय. टेचिमान. चार खोल्या, आंबा. आमच्यात पुरुष गेला की त्याचं ते त्याच्या आईच्या कुळाचं. बायकोला किती, ते नंतर बसून बघू."

मी रचलेलं घर शोधण्याचा अर्ज मीच स्वीकारला. मीच शिक्का मारला. मीच आत जाऊन नोंदवह्या उघडल्या. दिलेल्या शब्दाला जागायचं म्हणून अर्धा तास खरोखर शोधलंसुद्धा. परत येऊन म्हणालो, "नोंद नाही, नाना."

"नोंद नाही म्हणजे लपवलंय."

"नोंद नाही म्हणजे... नोंद नाही."

"तू त्या अंगणात राहतोस. मनोगत तूच लिहिलंस असं म्हणतात. तुला माहीत असणार."

मी घाबरून आमच्या प्रमुख, मॅडम क्वेनॉर, यांच्याकडे गेलो. त्यांनी नियम काढला. "तुम्ही माहितगार आहात, म्हणजे हा शोध तुम्ही घेऊ शकत नाही. तुम्हाला जबाब द्यावा लागेल. जबाबाचा नमुना खिडकी तीनवर मिळतो."

"मॅडम, खिडकी तीनवर मीच असतो."

"मग रांग नसेल."

मी जाऊन मला नमुना दिला. भरला. 'सदर मालमत्तेविषयी आपणांस माहिती कशी झाली?' या रकान्यापाशी थांबलो, ते आजवर थांबलेलाच आहे.

कुळ मात्र थांबलं नाही. गुरुवारी नाना ग्येबी, दोन भाचे आणि एक मोजपट्टी टेचिमानला रवाना झाली. साहेब, टेचिमानात चार खोल्या आणि दारात आंबा असलेली घरं किती असतील? माझ्या मते रस्त्याला दोन. त्यांना पहिलंच पटलं. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहते. दुपारी ती आंब्याखाली पेंगत होती; डोळे उघडले तर तीन पुरुष तिच्या भिंतीला मोजपट्टी लावतायत आणि एक जण म्हणतोय, "बाई, तुम्ही इथे भाड्याने का?"

तिने त्यांना उभं केलं. आयुष्यभराची सवय. नावं विचारली, कागद मागितला, पुस्तिकेचं पान सहा वाचलं, त्यातल्या दोन चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, आणि मग तुम्हाला ते पाच पानी पत्र लिहिलं : 'आपल्या कुमासी कार्यालयातील कर्मचाऱ्याने माझे घर एका मृत सिग्नलवाल्याच्या नावे केले आहे.' ते पत्र तुमच्याकडे आहेच. त्यांचं उत्तर वेळेत दिलंत, हेही मला ठाऊक आहे.

रविवारी आठ दिवस भरले. मी माफी मागायच्या रिवाजाप्रमाणे जिनची बाटली घेऊन कुळापुढे उभा राहिलो. अंगणात सगळी बिऱ्हाडं, सगळं कुळ. मी सांगितलं, घर नाही. मी मनाने रचलं.

नाना ग्येबी हसले. "क्वाकू, मनाने माणूस एखादी खोली रचेल. चार? आणि वर आंबा?"

"गाडीतल्या लोकांनी घालायला लावला, नाना."

"आणि छापलं कशाला? छापलंय हे!"

कुणी विश्वास ठेवेना. शेवटी बिरागो आत गेली आणि निळी वही घेऊन आली. तिने फाटलेल्या पानाचा काठ सगळ्यांना दाखवला, मागचं पान दाखवलं, पुढचं दाखवलं. एका भाच्याने मोठ्याने वाचून पाहिलं. गोष्ट आहे हे त्यांना पटलं आणि मग जो तो माझ्यावर ओरडायला लागला. मला एक मेंढी दंड झाला.

एवढ्यात माम डुफिए उठली.

"गप्प बसा सगळे. घर नाही हे मला चर्चमध्येच कळलं होतं. दुसऱ्या ओळीला. बार्नियेहने विटा रचल्या म्हणे! तो माणूस उशी सरळ करत नव्हता." लोक हसले. नानाही. "पण ते वाचत होते ना, तेव्हा मी ते घर पाहिलं. आठ दिवस रोज पहाटे उठून मी मनात त्याचं अंगण झाडलंय. या पोराला दंड करायचाय तर करा, मेंढी मी देते. पण आधी त्याला विचारा, पुढे काय झालं त्या बाईचं?"

मग नाना ग्येबींनी खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यापासून वाच," ते म्हणाले.

साहेब, त्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज संध्याकाळी अर्धा तास उखळं थांबायची. मी वाचायचो. नाना ग्येबी शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचे आणि उशीर झाला तर कालचं पान परत वाचायला लावायचे. बिरागो पहिल्या दिवशी दारातून ऐकत होती, तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसली. अकराव्या दिवशी आम्ही पान एकसष्टवर होतो, नवरा अजून जिवंत होता, आणि तुमचा माणूस आला. 'मूळ दस्त म्हणून जप्त.' वही घेतली. ही पोच दिली.

माझ्याकडे दुसरी प्रत नाही. मी माम डुफिएला म्हणालो, पुढचं तोंडी सांगतो. दोन संध्याकाळी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नको. सांगतोस ते निराळं आणि लिहिलंस ते निराळं. सांगताना तू माझ्या तोंडाकडे बघतोस आणि मला बरं वाटेल असं करतोस. लिहिताना तू कुणाला घाबरला नव्हतास. ते आण." ती आता आजारी आहे. फार नाही; पण वय झालंय. रोज सकाळी मी स्टँडवर निघालो की खिडकीतून विचारते, "आली का अक्राहून?" मी नवी वही घेतली आहे, पण मागचं समोर नसताना पुढचं येत नाही. टाय लावून गाडीत नुसता बसतो. अल्हाजी म्हणतात, "मास्टर, हात हलवा काहीतरी, नुसत्या बसणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसत नाही."

हे सगळं मी आणखी चार महिने सहन केलं असतं. मी कुमासीचा सरकारी नोकर आहे, वाट पाहण्यातच माझी बढती झाली. पण काल दुपारी तुमच्या कार्यालयातून एका कारकुनाचा फोन आला. आवाज फार खाली होता, जणू कुणी शेजारी उभं आहे. म्हणाला, "साहेबांनी विचारलंय, पान सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव एकमेकांना चिकटलीत, ती कशी सोडवायची?"

ते माशाचं तेल आहे साहेब. चहाच्या वाफेवर धरा, सुटतील. ओढू नका.

पण आता मला सांगा. चौकशीसाठी तुम्हाला एक फाटलेला काठ पुरे होता. पान चौऱ्याहत्तर, बस. तुम्ही सत्त्याण्णवला काय करत होतात? सात आठवडे वही कुलपात होती की तुमच्या उशाशी? माम डुफिए बासष्टाव्या पानाच्या अलीकडे अडकून पडली आहे आणि तुम्ही, एकटे, फुकट, पंख्याखाली बसून पुढे गेलात! वही परत करा. या आठवड्यात. हा अर्ज नाही, मी मागतोय. एक म्हातारी वाट बघतेय, तिच्याकडे तुमच्याएवढा वेळ नाही.

आणि त्यासोबत मला लेखी उत्तर हवं आहे. आरोपपत्राचं नको, ते तुम्ही हवं तसं लावा. अंगणातल्यांना मी रोज दिसतो. ते मला बरं वाटावं म्हणूनही मान हलवत असतील. मासेवालीला गोष्टीत सौदा करायचा होता. तुम्ही मला ओळखत नाही, तुम्हाला माझी भीड नाही, आणि पान चौऱ्याहत्तर तर वहीत नाहीच, ते पुस्तिकेतून शोधून वाचलं असणार, मुद्दाम. तेव्हा आजवर माझी गोष्ट कुणी निव्वळ वाचली असेल तर ती तुम्ही. म्हणून विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत दर सोमवारी विचारणार आहे : आवडली का?

हो की नाही, एवढंच लिहा. शिक्का नसला तरी चालेल.